डबा रिकामा गेला

सोनाबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्याच्या ओसरीवर पोरांना देवी टोचत होते. रांगेतल्या बाया म्हणाल्या, "तुमी जावा बाई, आमी उद्या येतो." मी गेले नाही. सगळी पोरं संपेपर्यंत हात चालू ठेवले, कारण हात थांबले असते तर सोनाबाईंच्या खोलीत जावं लागलं असतं… आज पाच आठवडे झाले. दुपारी सामसूम झाली की त्या खोलीतून शिलाई मशिनचा आवाज आल्यासारखा वाटतो, आणि मी परिचारिका असूनही लहान पोरीसारखी बाहेर उन्हात जाऊन उभी राहते.

शेवगावच्या वाटेवरच्या आमच्या मिशन दवाखान्यात सोनाबाई चादरी नि पट्ट्या शिवायच्या. मूळच्या रशियन, नाव सोन्या. तिकडे क्रांती झाली तेव्हा नवऱ्याबरोबर इराणमार्गे पळून आलेल्या. नवरा साखर कारखान्यात इंजिनं दुरुस्त करायचा. तो वारल्यावर त्या इथेच राहिल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि आमच्या अमेरिकन नर्स एलनबाईंना रशियन येत नव्हतं. मग दोघी बोलायच्या कशात? मराठीत! एकीचं मराठी मिशनची परीक्षा देऊन कमावलेलं, दुसरीचं नदीवर धुणं धुताना. "सोनाबाई, आपले भोजन झाले काय?" असं एलनबाईंनी विचारलं की ह्या म्हणायच्या, "झालं गं बये. तू जेवलीस का न्हाई?" ऐकणाऱ्याची हसून पुरेवाट व्हायची.

दोघींच्या खोल्यांमध्ये एक पितळी डबा फिरायचा आणि तो नेण्या-आणण्याचं काम माझं. डबा रिकामा परत धाडायचा नाही ही आपली रीत सोनाबाईंनी अशी काही उचलली होती, की घरात दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर घालायच्या. एलनबाईंनाही त्यांनीच ती लावली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत दोघींचे देश एका बाजूला होते तोवर त्या डब्याचं गावाला कौतुक. लढाई संपली नि वर्तमानपत्रांचा सूर पालटला. शाळेचे मास्तर ओसरीवर बसून बातम्या वाचायचे. त्यांनी एकदा विचारलं, "काय सोनाबाई, रशिया-अमेरिकेचं जमेल का पुढे?" त्या म्हणाल्या, "देशांचं मला काय ठावं मास्तर? हिला भाकरी थापता येत न्हाई, एवढं ठावं हाय." एलनबाईंसकट सगळे हसले.

मग एक फौजदार चौकशीला आला. जिला बोल्शेविकांनी देशोधडीला लावलं तीच बाई बोल्शेविक असल्याचा त्याला संशय! मिशनच्या मोठ्या साहेबांनी आम्हाला बजावलं, त्या बाईशी कामापुरतंच बोला, नाहीतर नोकरी गेली समजा. वर्षभरात एलनबाईंना मायदेशी बोलावून घेतलं. मोटारीत बसता बसता त्यांनी डबा माझ्या हाती दिला. मोटार गेल्यावर मी झाकण उघडलं. आत चिठ्ठी होती. "सोना, माझ्या पत्रांनी तुला त्रास व्हायला नको. तुझे उत्तर आले तरच पुढे लिहीन. नाही आले तर तुला नको आहे असे समजेन." खाली पत्ता. सोनाबाईंना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणजे चिठ्ठी वाचून दाखवणारी मी आणि उत्तर लिहिणारीही मीच. माझ्या पगारावर दोन भावंडं शिकत होती… मी चिठ्ठी दडवली आणि रिकामा डबा नेऊन दिला. त्यांनी आत पाहिलं, झाकण लावलं. "मोटार गेली का?" एवढंच विचारलं.

दोन वर्षं मी त्यांच्याशी रोज बोलत होते, हसत होते. माझी मला अजून लाज वाटते.

न्युमोनियाने त्यांना गाठलं तेव्हा उशाशी बसून मी रडत सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "एलन रिकामा डबा धाडायची न्हाई."

"मग मला विचारलं का नाही?"

"इचारलं आसतं तर तू दिली आसतीस. मग तुजी नोकरी?"

जपून ठेवलेली चिठ्ठी मी काढली. त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. धाप लागली होती, तरी चेहरा उजळला. म्हणाल्या, "आता दमले. काय लिवायचं ते उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी देवी टोचत असताना निरोप आला.

परवा मी एलनबाईंना पत्र टाकलं. माझी चूक लिहिली, काही लपवलं नाही. मधला अर्धा कागद मात्र कोरा सोडलाय. तिथे सोनाबाई बोलणार होत्या.