म्हातारीच्या तांदळाची साक्ष

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं कोतवालकी केली, तलाठ्याच्या नोटिसा वाटल्या, म्हणून अक्षर टिकलं. माझी बाई गेली त्याला आता सहावा महिना. ती असताना हे लिहायची हिंमत नव्हती, तिला सगळं ठाऊक होतं. आता घरात विचारणारं कोणी नाही. लाज मात्र गेली नाही.

आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलातलं, चाळीसेक घरांचं. पेरणीआधी गावदेवीची, मातामायची पूजा होते. त्यासाठी घरोघरचे मूठ मूठ तांदूळ गोळा करायचं काम कोतवालाचं. टोपलं घेऊन मीच फिरायचो.

माझ्या शेजाऱ्याची बायको मिशनच्या दवाखान्यात बरी झाली आणि त्यानं येशूचं घेतलं. दारावर लाकडी क्रूस लावला. रविवारी घरात ढोलकीवर गाणी म्हणायचा. पूजेचे तांदूळ बंद केले. मला म्हणाला, "कोतवालभाऊ, रस्त्याचं काम सांग, शाळेची भिंत सांग, दोन दिवस जास्तीचे येतो. पूजेचं तेवढं मले मागू नोको." मला त्यात वावगं वाटलं नाही. गावाला वाटलं.

त्याची म्हातारी आई बदलली नव्हती. पोराच्या घरातून कसं देणार, म्हणून ती भाताच्या रोवणीच्या मजुरीतले तांदूळ पदराच्या कोपऱ्यात बांधून माझ्या बाईकडे आणून द्यायची. माझी बाई टोपल्यात दोन मुठी टाकायची. "ही आपली, अन् ही म्हातारीची. पोराले सांगू नोका, गावालेबी नोको. बिचारीले दोन्हीकून बोलणी बसतीन." असं चार-पाच वर्षं चाललं.

मग उन्हाळ्यात एका सकाळी म्हातारी गेली. शेजारी मातीसाठी जागा मागायला चावडीवर आला. सगळा गाव जमला होता.

एक जण म्हणाला, "आज क्रूस रोवशील, उद्या तिथीच चर्च बांधशील."

"क्रूस नाई रोवत," शेजारी म्हणाला. "मायचं मायजवळ, माहं माह्याजवळ. तुमच्या रीतीनं पुरा. मी बाजूले उभा राह्यतो."

"तुह्या येशूले सांग ना खड्डा खोदाले! मोठा रिकामा बसला आहे वरती!"

लोक हसले. घरात प्रेत होतं आणि लोक हसले. मीही हसलो.

मग पाटील माझ्याकडे वळला. "काय बे कोतवाल, टोपलं तुह्या हातात असते. तांदूळ आले असतीन तं माती, नाई तं नाई. या घरचे तांदूळ आले का कवा?"

हो म्हटलं असतं तर पुढचा सवाल होता, कोणाच्या हातून आले? मग माझ्या बाईचं नाव घ्यावं लागलं असतं. कोतवालाचं घरही फुटलं म्हणाले असते. पाटलाचा शब्द तहसीलमध्ये चालायचा, माझी कोतवालकी गेली असती. एवढं सगळं मला एका क्षणात सुचलं. खरं बोलावं, हे तेवढं सुचलं नाही.

"नाई आले," मी म्हणालो.

जागा नाकारली गेली. लगेच मला दवंडी द्यायला लावली. डफडं वाजवत मीच ओरडत फिरलो, "या मयतीले जो जाईन, त्याच्याशी गावाचा व्यवहार बंद!" माझ्या दारासमोर आलो तेव्हा बाई उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या देखत मयतीच्या घरी गेली. गावातून ती एकटीच गेली.

शेजाऱ्यानं बैलगाडी जुंपली आणि आईला मिशनच्या दफनभूमीत नेलं, दूर. जन्मभर मातामायपुढं वाकलेली म्हातारी परक्या गावात क्रुसांच्या रांगेत पुरली गेली.

माझ्या बाईला गावानं काही केलं नाही. कोतवालाची बायको म्हणून सोडून दिलं. म्हणजे मी ज्या भीतीनं खोटं बोललो, ती भीतीही फुकटची होती.

त्या संध्याकाळी ती भाकर वाढता वाढता म्हणाली, "तांदूळ आले तं माती, नाई आले तं नाई, हे बोलणंच तुमी कसं ऐकून घेतलं? मेल्या माणसाले माती तं लागतेच ना. अन् तुमी तं आलेलेबी नाई म्हटले." पुढं मरेपर्यंत तिनं हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

ती गेली तेव्हा शेजारी न बोलावता आला आणि खांदा दिला. दहाव्यानंतर मी त्याच्या अंगणात गेलो. म्हटलं, "तुह्या मायचे तांदूळ दर साली येत होते. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "वहिनीनं त्याच दिवशी सांगतलं, मायच्या उशाशी बसून."

"मंग इतकी वर्षं माह्याशी बोललास काऊन?"

"शेजारी आहेस. बोलू नाई तं काय करू?"

"माफ कर बाबू."

तो म्हणाला, "मी माफ करून काय होते, भाऊ? गाव अजून म्हंते, म्हातारीनं मातामायले सोडलं. तू चावडीवर बोलला होतास. चावडीवरच सांग."

तेव्हापासून चावडीवर दोन ग्रामसभा झाल्या. दोन्ही वेळी मी पुढं जाऊन बसलो. वीस वर्षं गावभर ओरडलेला माणूस मी. पहिल्या सभेत उठलो, हातपंपाचं बोललो आणि खाली बसलो. दुसऱ्या सभेत चहा पिऊन घरी आलो.