फुलं माझी, फुलपाखरं गोठ्याची

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही जे पाहिलंत, त्याचा थोडा खुलासा करायला हवा.

फुलपाखरं दाखवीन, असा शब्द मी तुम्हाला दिला होता. त्यासाठी काष्टीच्या या घरापुढे झिनिया आणि झेंडूचे वाफे केले, दोरी लावून, सरळ ओळीत. फुलं वेळेवर आली. फुलपाखरं मात्र वाफ्यांवरून न थांबता शेजारी, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गोठ्यात जायची. गाईच्या मुतानं ओल्या झालेल्या मातीवर दाटीनं बसायची. लहान पिवळी असत, आणि लिंबाच्या बागेतली काळी, पिवळ्या ठिपक्यांची, मागच्या पंखावर कुंकवासारखा लाल डाग असलेली. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड उलगडायची आणि मातीतले क्षार शोषत राहायचं.

"तुझी फुलं नुसती बघायला," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्याकडं खान्यापिन्याची सोय हाय."

असे चिखलावर जमतात ते बहुतेक नर असतात, हे मी पुस्तकात वाचून त्यांना सांगितलं.

"व्हय? त्येला पुस्तक कशाला लागतंय?"

शेवटी अभिमान गिळला आणि रविवारी फोन घेऊन गोठ्यात येते, असं त्यांना कळवलं. तिथेच घोटाळा झाला. मी पोचले तेव्हा गोठा फिनेलनं धुतलेला, दारात रांगोळी, गाय न्हालेली आणि जाऊबाई नव्या साडीत. फुलपाखरू एकही नाही.

"पोरं परदेशातनं बघनार, आन् त्यास्नी घान दावू?"

तोवर पडद्यावर तुमचे चेहरे आले होते. आम्ही दोघी गाईच्या मागे उभ्या राहिलो.

"आजी, कशाची वाट बघताय?"

"निसर्गाची," मी म्हणाले.

"मूत की गं बये," जाऊबाई गाईला विनवत होत्या, "पोरांची निजायची येळ झाली तिकडं."

गाईनं बराच विचार केला आणि मग मनावर घेतलं. ओघळ फिनेल न पोचलेल्या कोपऱ्यात गेला. आधी एक पिवळं घिरट्या घालून गेलं, मग लिंबावरचं एक उतरलं. पंख थरथरले, सोंड उलगडली. मी फोन अगदी जवळ नेला.

"आजी, ते काय पितंय?"

विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यावं, ही माझी जुनी सवय. मी दिलं.

"ई!" एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आणखी बरीच फुलपाखरं आली. नवी साडी गुडघ्यांत धरून जाऊबाई उकिडव्या बसल्या होत्या. "पोरं गेली व्हय?" त्यांनी विचारलं. "मंग तू बघ."