एकटीच्या डोक्यावर शाळा

मी बोलतोय आणि सून लिहून घेतेय. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या, बाकीच्या सगळ्या माझ्या.

नाशकात पालिकेची एक संध्याकाळची शाळा होती, मी तिथला शिपाई. दिवसा तिथं बारकी पोरं शिकायची. ती घरी गेली की आमची मोठी यायची. अंबडच्या कंपन्यांतले हेल्पर, भाजी मार्केटातले हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया. कुणाचं सातवीत सुटलेलं, कुणाचं नववीत. बाक चौथीच्या पोरांच्या मापाचे, म्हणून मिशीवाले गडी गुडघे छातीशी घेऊन बीजगणित करायचे. त्या शाळेत माझ्याइतकी वर्षं कुणी काढली नाय, आणि मी एकबी इयत्ता पास झालेलो नाय. लहानपणी मास्तरांनी बापाला सांगितलं होतं, "ह्याला म्हशींमागं धाडा. म्हशींचं काय नुकसान होणार नाही."

जून लागला की पट भरायला हेडसर मला घेऊन कंपन्यांच्या गेटवर जायचे. शिफ्ट सुटली की मला पुढं उभं करायचे आणि म्हणायचे, "बघा याच्याकडं. शिकला नाही, म्हणून घंटा बडवतोय." मीपण तोंड पाडून उभा राहायचो. लोक हसायचे, चार जण नाव घालायचे. एका वर्षी एक वेल्डर पुढं आला.

"सर, ह्याची नोकरी पर्मनंट हाय ना?"

"हो."

"पेन्शन?"

सर नावांची वही चाळायला लागले.

"मग न शिकलेलंच बरं की. आम्हाला तर सहा महिन्याला ब्रेक देऊन घरी बसवतेत."

सगळं गेट हसलं. त्या दिवशी एक नाव पडलं नाय. सर परत येताना सायकल हातात धरून चालत होते. मी तरी काय करणार? जाहिरातच उलटी निघाली होती.

आणि आले ते तरी कुठं टिकायचे. एक आठवडा यायचे, मग शिफ्ट बदलली की गायब. त्रिकोणाच्या दोन बाजू शिकलेला माणूस तिसरी बाजू सेकंड शिफ्टला घालवून यायचा. दहावीला ढीगभर बसायचे, सुटायचा एखादा. शेवटी खात्याचे साहेब आले आणि सरांना तोंडावर म्हणाले, "यंदा निकाल वर आला नाही तर ही शाळा बंद. चहा नको."

चहा मी आणलेला होता. तो मीच प्यायलो.

सरांनी मग उपाय काढला. बोर्डाचे फॉर्म भरायच्या आधी परीक्षा घेतली आणि जे पडले त्यांचे फॉर्मच धाडले नाय. कच्चे बसलेच नाय तर टक्का वर येणार. सर गणिताचेच होते, हिशोब बरोबर होता. पण गडी चिडले. "दिवसभर मशीनवर उभं राहून इथं यायचं, आणि परीक्षेला बसायचं पण नाय?" म्हणत गेले ते गेलेच. जाताना खालच्या वर्गातले दोस्त पण घेऊन गेले. टक्का वाचवायला गेलो आणि पट हातचा गेला.

त्या परीक्षेत सुटलेली, दहावीला राहिली एकच बाई. पेठ तालुक्याकडची, सरकारी दवाखान्यात आया. नवरा वारलेला. दहावी झाली तर तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. पेशंटची शौचाची भांडी धरण्यापेक्षा इंजेक्शन धरीन, म्हणायची. आता ती पास झाली तर शाळेचा निकाल शंभर टक्के, नाय झाली तर शून्य. मधलं कायच नाय.

मग सगळी शाळा तिच्या मागं लागली. सर रोज जास्तीचं गणित घ्यायचे. इतिहासाच्या बाई डबा आणायच्या आणि ती जेवत असताना सनावळ्या म्हणून घ्यायच्या. हिंदीवाले सर तर दवाखान्यात गाठायचे. मला यातलं काय येत नव्हतं, म्हणून मी तिच्या चहात दुप्पट साखर घालायचो, डोकं चालावं म्हणून.

"मामा, एवढं गोड नका करू," ती म्हणाली. "दाढ ठणकतीय. दाढेपुढं प्रमेय राहत नाय."

एका संध्याकाळी सर फळ्यावर उदाहरण मांडत होते. ती लिहायची थांबली.

"सर, मी माझ्यापुरतं शिकाया आले होते. आता तुमच्या सगळ्यांचं शिकावं लागतंय."

सरांनी पाठमोऱ्यानंच उदाहरण पुसलं. मग म्हणाले, "हं. पुढचं घ्या."

मार्चमध्ये गणिताच्या पेपराला सर आणि मी सेंटरबाहेर उन्हात उभे होतो. ती बाहेर आली. सरांनी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "येत होतं, सर. पण पेपर बघितला आणि तुम्हीच सगळे दिसाया लागले."

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास, गणितात गेली. शून्य टक्के. मी सरांना हसवायला म्हणालो, "सर, शून्य आलं ते तरी पूर्ण आलं, अर्धवट काय नाय." त्यांनी निकालाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि सायकल काढली. मला तेव्हा कळलं की मी आयुष्यभर फार बोललो.

शाळा बंद झाली. मास्तर लोकांना दिवसाच्या शाळांत वाटून टाकलं. मी नोकरीसकट तिथंच राहिलो, इमारत राखायला. पाटी उतरवायला मलाच लावलं. कुठली अक्षरं उतरवतोय, तेही मला वाचता येत नव्हतं.

मग एक दिवस दिवेलागणीला ती आली. ड्युटीवरनं थेट, घामाघूम.

"मामा, नाव घाला. थोडक्यात गेलं. ह्या वर्षी नुस्तं गणित करते."

"अक्का, वर्ग नाय."

"आज सुट्टी हाय?"

"शाळाच नाय. बंद केली."

तिनं आत वाकून बघितलं. वर्गांत अंधार होता.

"माझ्यापायी?"

"नाय वो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग आठवलं ते बोललो, "बाहेरून बसता येतं म्हणतेत. फॉर्म भरायचा, घरीच अभ्यास करायचा."

"आणि शिकवणार कोण? तुम्ही?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. आणि माझ्या तोंडाकडं बघत पायरीवर उभी होती.