जिन्याखालचा बाक

अप्पांच्या शोकसभेत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी शेवटपर्यंत अप्पांचं अंथरुणातलं सगळं करणाऱ्या शांतामावशी दाराशी, चपलांजवळ उभ्या होत्या.

“पुढे या ना, मावशी,” मी म्हटलं.

“नको ताई, इथंच बरं.”

कुणी मान वळवून पाहिलंही नाही. माझं डोकं तापलं. अठराव्या शतकातले क्वेकर पंथाचे ख्रिस्ती लोक आठवले. देवाचा प्रकाश प्रत्येकात आहे असं लिहिणारे, राजापुढेही टोपी न काढणारे. प्रार्थनेला सगळे मुकाट बसत. ज्याला आतून वाटेल त्यानं उठून बोलावं. आणि त्यांच्याच कित्येक प्रार्थनाघरांत काळ्या माणसांचा बाक जिन्याखाली. कसला डोंबलाचा प्रकाश.

“कुणाला बोलायचं असेल त्यांनी उठून बोला,” अध्यक्ष म्हणाले.

उठायला आधी बसवावं लागतं हो माणसाला.