डाव्या स्टिअरिंगची पिवळी गाडी

सासूबाईंना जाऊन सव्वा महिना झाला होता. तीन वर्षं त्या अंथरुणावर होत्या आणि त्या तीन वर्षांत नावड्याच्या आमच्या दोन खोल्यांमधून मी बाहेर पडले ती दळण, भाजी आणि औषधं आणायलाच. त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. नातेवाइकांना वाटलं, सून खंबीर आहे. खरं म्हणजे मी नुसती दमले होते. तेरावा झाला, पाहुणे गेले, त्यांची कॉट भिंतीला उभी करून ठेवली, आणि आता तरी मनसोक्त झोपेन असं वाटलं. पण झोप काही येईना. शरीराला लागलेली सवय सुटत नव्हती. दिवसभर डोळे चुरचुरायचे, भाजी चिरता चिरता हात मध्येच थांबायचा.

मे महिन्यातला शुक्रवार होता. मी आमटीला फोडणी दिली होती, तेवढ्यात समोरच्या वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "गॅलरीतून बघा जरा, तुमचे मिस्टर काय घेऊन आलेत."

खाली कॉलनीच्या मैदानात एक पिवळी स्पोर्ट्स कार उभी होती. इतकी बुटकी की शेजारच्या स्कूटरचं हँडल तिच्या टपाच्या वर दिसत होतं. भोवती माणसं जमली होती आणि त्यांच्या मधून हे बाहेर यायची धडपड करत होते.

हे जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात क्लिअरिंग एजंटकडे सुपरवायझर होते. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून मालकाकडे रवाना करायचा, हे काम. गाड्या चालवायचा सराव होता, पण जीप आणि मॅटाडोरचा. घरी आमच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

वर आल्या आल्या म्हणाले, "चार कपडे भरून दे. नागपूरला जायचंय."

"कधी?"

"आत्ता."

मग पाणी पिता पिता सांगितलं. आखातातून कायमचा परत आलेला एक गृहस्थ होता, त्याची ही गाडी. त्याच्या बहिणीचं लग्न सोमवारी नागपुरात, आणि वरात ह्याच गाडीतून काढायची असा त्याचा हट्ट. गाडी ज्या ट्रेलरवर चढवून पाठवायची होती त्याचा ॲक्सल सकाळीच तुटला. दुसरा ट्रेलर मंगळवारशिवाय मिळत नव्हता. शेठनं ह्यांच्या हातात तात्पुरत्या नंबरचे कागद आणि किल्ली ठेवली आणि म्हणाला, तूच घेऊन जा.

"एकटे जाणार एवढ्या लांब?"

"एकटा जाईन गं. पण स्टिअरिंग डावीकडे आहे तिचं." हे खुर्चीच्या कडेला टेकले. "जासईपासून इथवर येताना पुढच्या ट्रेलरच्या पलीकडचं काही दिसलं नाही. पुढचं बघायचं तर गाडी आधी बाहेर काढायला लागते, आणि बाहेर काढल्यावर समोरून काही दिसलं तर त्याचा काय उपयोग?"

मी पिशवीत त्यांचे शर्ट घालत होते. त्यांनी किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तू येतेस का? तू उजवीकडे बसशील. तुला समोरचं दिसेल. तू सांग, मी काढेन."

माझ्या तोंडावर नेहमीचं उत्तर आलं होतं, की घरी कोण बघणार. मग लक्षात आलं, बघायला घरात कोणी उरलंच नव्हतं. मी गॅस बंद केला, आमटीचं पातेलं वहिनींकडे दिलं, दोन साड्या आणि कपड्याचा साबण पिशवीत टाकला आणि निघाले. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आम्ही दोघंच असे कुठे गेलो होतो ते मला पटकन आठवेना.

त्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसणं. पाय पुढे लांब करून, पाठ मागे रेलून. साडी नेसून तीत शिरायचं तर आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. आणि उतरताना ह्यांनी हात दिल्याशिवाय उठताच यायचं नाही. मैदानातली माणसं हे सगळं शांतपणे बघत होती. ट्रकचं चाक माझ्या कानाच्या उंचीला येत होतं. एसीतला गॅस संपला होता आणि काच अर्धीच खाली जात होती.

पनवेल सुटेपर्यंत आम्ही एकमेकांची भाषा ठरवून घेतली. हे विचारायचे, "काढू का?" मी सांगायची, "नका," किंवा "काढा." आधीआधी मी प्रत्येक वेळी "नका" म्हणत होते. अर्धा मैल लांब एसटी दिसली तरी "नका." खोपोलीपर्यंत आम्ही एका दुधाच्या टँकरच्या मागून आलो. "आता तरी बघ ना नीट," हे म्हणाले. मी म्हटलं, "बघते आहे. भीती वाटते." खंडाळ्याच्या घाटात तर विचारायचा प्रश्नच नव्हता, ट्रकच्या धुरात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही इंचाइंचानं वर चढलो. एवढी वेगाची गाडी, पण तिचा वेग काही आम्हाला बघायला मिळाला नाही.

थांबलं की माणसं जमायची. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, रेल्वे फाटकात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "किती देते?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर. ह्यांना माहीत नव्हतं. पुण्यापर्यंत हे खरं उत्तर देत होते, की गाडी आपली नाही. पुढे कंटाळून नुसते "आठ" म्हणायला लागले. लोकांना ते ऐकून समाधान वाटायचं.

अंधारात ही गाडी चालवणार नाही असं ह्यांनी आधीच ठरवलं होतं. पहिला मुक्काम शिरूरला केला, एका लॉजवर. उकाडा होता आणि ढेकूण होते. मी जागीच होते. हेही बहुधा जागे होते.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. नगर मागे पडलं, औरंगाबादेत उभ्याउभ्या पुरी-भाजी खाल्ली. ऊन चढत गेलं तसा अर्ध्या काचेतून गरम फुफाटा आत यायला लागला. मी ओला रुमाल डोक्यावर घेतला, तो दहा मिनिटांत वाळायचा. आता मला अंदाज यायला लागला होता. समोरचा ट्रक केवढा दिसला की वेळ आहे आणि केवढा दिसला की नाही, हे डोळ्यांना कळत होतं. पण डोळेच मिटत होते. "काढू का?" "काढा." "काढू का?" "थांबा... आता काढा." दिवसभर तेवढेच शब्द.

जालना सोडून तासभर झाला असेल. पुढे कडब्यानं भरलेला ट्रक होता, दोन्ही बाजूंनी फुगलेला. ह्यांनी विचारलं, "काढू का?" मी "हं" म्हटलं.

मी झोपले होते. झोपेतच "हं" म्हटलं होतं.

हॉर्नच्या आवाजानं डोळे उघडले तर समोरून ट्रक अंगावर येत होता. डावीकडे कडब्याचा ट्रक, परत आत शिरायला जागा नाही. ह्यांनी गाडी सरळ उजवीकडे रस्त्याच्या खाली घातली. खडी खालून धडाधडा आपटली, धूळ उठली, आणि गाडी थांबली तेव्हा माझ्या दारापासून वीतभर अंतरावर बाभळीचं खोड होतं. दोन्ही ट्रक निघून गेले होते. कोणी थांबलं नाही.

माझं दार उघडत नव्हतं. हे उतरले, वळसा घालून आले आणि गाडीच्या पुढ्यात बांधावर बसले. मी त्यांच्या सीटवरून सरकत कशीबशी बाहेर आले. मला वाटलं, आता हे ओरडणार. मला ते चाललंही असतं.

ते एवढंच म्हणाले, "दिसला नाही तुला?"

"मला झोप लागली."

"झोप? गाडीत?"

"तीन वर्षांची आहे," मी म्हटलं. "कुठेही लागेल."

बराच वेळ ते धुळीत बोट फिरवत राहिले. मग मान खालीच ठेवून म्हणाले, "रात्री आई वाटी वाजवायची ना, कॉटवर. मला ऐकू यायचं."

सासूबाईंचा आवाज गेला होता. काही हवं असलं की त्या स्टीलची वाटी कॉटच्या पाइपवर वाजवायच्या. रात्रीतून तीनदा, चारदा. मी उठायची.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाटी वाजली की तुमचं घोरणं थांबायचं. मी परत येऊन आडवी झाले की पुन्हा सुरू व्हायचं."

हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही रागानं सांगितलं नाही. रागावायला लागणारी ताकदही अंगात नव्हती. ते रडले असं मी म्हणणार नाही, पण शर्टाच्या बाहीनं त्यांनी दोन-तीनदा तोंड पुसलं. "मला ते करायला जमलं नसतं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी कधी करून बघितलंच नाही." क्षमा करते वगैरे म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही.

गाडी सुरू झाली. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "तू झोप. मी कोणाच्याच पुढे काढत नाही."

मी झोपले. मध्येमध्ये मान लटकली की डोळे किलकिले व्हायचे. एकदा बघितलं तर पुढे विटांचा ट्रॅक्टर होता. पुन्हा बघितलं तेव्हाही तोच ट्रॅक्टर. बैलगाडीच्या थोड्याशाच वरच्या वेगानं ती पिवळी गाडी त्याच्या मागे चालली होती आणि मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून पुढे जात होती. एक जीपवाला शेजारून जाताना हसून काहीतरी ओरडलाही. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मेहकरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि माझ्या गालावर सीटची शिवण उमटली होती.

रविवारी कारंज्याच्या अलीकडे गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. हे वाकून बघतात तो टाकीतून थेंब थेंब गळत होतं. आदल्या दिवशीच्या खडीचा प्रताप. रस्त्याकडेला ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथला म्हातारा मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली शिरायला गेला, पण गाडी एवढी बुटकी की त्याचं पोटच आत जाईना. शेवटी दोन जॅक लावले. आतून तो म्हणाला, "बाई, साबन हाये काय? धुन्याचा पायजे, आंगाचा नाही."

मी पिशवीतून कपड्याचा साबण काढून दिला. त्यानं तो मळून चिरेत दाबून बसवला. गळणं थांबलं. "नागपूरलोक जाते," म्हणाला, म्हणजे नागपूरपर्यंत टिकेल. "फक्त पान्यात नेऊ नका." त्या मे महिन्यात मैलोन्‌मैल पाण्याचा थेंब नव्हता.

त्या दिवशी मी जागी राहिले. ट्रॅक्टरच्या मागे मिळालेली दीड-दोन तासांची झोप अंगात होती. वर्ध्याकडे जाताना एका मोकळ्या रस्त्यावर मी स्वतःहून "काढा" म्हटलं, पुढच्या दोन ट्रकना एकदम. गाडीनं असा काही झेप घेतल्यासारखा वेग घेतला की माझी पाठ सीटला चिकटली. हे घाबरून लगेच हळू झाले. गाडीचा खरा वेग आम्ही बघितला तो तेवढाच.

संध्याकाळी नागपुरात त्या गृहस्थाच्या घरी पोचलो. मांडव घातलेला होता. तो धावत आला, गाडीभोवती फिरला, गुडघे टेकून खालून बघितलं. "हे काय लावलंय?" त्यानं विचारलं. "साबण," हे म्हणाले. त्याचा चेहरा उतरला. मागून त्याची आई आली आणि त्याला म्हणाली, "अरे, त्या बाईकडे बघ आधी. उभं राहवत नाही तिला." तिनं मला हाताला धरून आत नेलं, माठातलं पाणी दिलं आणि लग्नाच्या फराळाचे डबे रचलेल्या एका खोलीत कूलर लावून दिला.

मी तिथे जी आडवी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. सनई, अक्षता, जेवणाच्या पंगती, सगळं माझ्या झोपेत झालं. ह्यांनी माझं ताट वाढून आणून झाकून ठेवलं होतं. बासुंदीवर साय धरली होती. वरात दुसऱ्याच गाडीतून निघाली. साबण लावलेल्या टाकीजवळ फटाके कोण वाजवणार? पिवळी गाडी मागच्या अंगणात चादर घालून उभी होती. मी ताट मांडीवर घेऊन जेवले आणि हे पलीकडे डब्यांना टेकून बसून राहिले. "आणखी झोप," म्हणाले, "परतीची रेल्वे उद्या संध्याकाळची आहे."

परतीला रेल्वेत आम्हाला समोरासमोरच्या खिडक्या मिळाल्या. खूप बोललो असं नाही. बाभळीखालच्या बोलण्याचा विषय तर पुन्हा निघाला नाही, ना गाडीत, ना नंतर कधी. ह्यांचे दोन्ही हात खांद्यापासून दुखत होते, माझी कंबर धरली होती. कल्याणला उतरून एसटीनं नावड्याला आलो, वहिनींकडून पातेलं परत घेतलं, आणि आठवड्याभरात ह्यांनी ती कॉट एका गरजूच्या घरी स्वतः हातगाडीवर नेऊन पोचवली. मला मदतीला बोलावलं नाही.

पावसाळा संपल्यावर शेठकडे आणखी एक अशीच गाडी आली, इंदूरला पोचवायची. शेठनं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, घरी विचारून सांगतो.

मी म्हटलं, "नको."

"बरं," म्हणाले, आणि जेवायला बसले.