मोरचूद सरलं तिथली ओळ

“सर, तुमचं औषध काई कामाचं न्हाई,” म्हणत रुक्मिणबाईंनी झेंडूचं मलूल झाड माझ्या टेबलावर टाकलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसमतला फुलशेतीचा सल्लागार होतो, आणि बाई हट्ट्याहून आल्या होत्या.

खोड कापून ग्लासातल्या पाण्यात धरलं. कापातून दुधासारखी बारीक धार खाली उतरली. ते जिवाणू. खोडातली पाण्याची वाट तेच बुजवतात आणि हिरवं झाड एकाएकी मान टाकतं. यालाच मर म्हणतात. त्यावर मी सुडोमोनासची भुकटी ट्रायल म्हणून दिली होती. तिच्यात भले जिवाणू असतात. रोपाची मुळं ती भुकटी कालवलेल्या पाण्यात बुडवून लावली, की ते मुळांवर आधी जागा धरतात.

“दीर म्हणून राहिले, दसऱ्याला फुलं न्हाई आली तर तिथं बी हळदच लावू. झेंडूचं माह्याच डोक्यातलं व्हतं सर.”

ऑफिसातले आमचे साहेब म्हणाले, “ट्रायल फेल लिहा, फाइल बंद करा.”

“लिहितो. एकदा बघून येतो.”

वावर बघून माझंच तोंड उतरलं. सगळीकडे मर. फक्त बांधाकडची एक ओळ हिरवीगार उभी होती.

“ही काहून वाचली?”

“ती शेवटची. मोरचूद सरलं, मंग नुसत्या तुमच्या पावडरीत बुडवली.”

“मोरचूद कशाला टाकलं?”

“सगळ्याच औषधात टाकतो की आमी. जोर येतो.”

मोरचूद, ते निळे खडे, जिवाणू मारतं. माझ्या भुकटीतलेही त्यानेच मेले होते. मी बांधावर बसलोच. तीच माती, तेच पाणी, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी अख्खी ओळ सांभाळली होती. पुस्तकात वाचलेलं हे मी शंभरदा सांगितलं होतं, पण खरं सांगतो, विश्वास त्या दिवशी बसला.

बाईंनी दिरांना त्या ओळीपाशी आणून उभं केलं. त्यांनी एक झाड हलवून बघितलं. “लाव मंग परत,” एवढंच बोलले. मेलेली झाडं उपटून जाळली, वाफ्यात उरलेली रोपं नुसत्या भुकटीच्या पाण्यात बुडवून लावली. ती दिवाळीला फुलली. दसऱ्याला मात्र त्या एकाच ओळीची फुलं होती. बाईंनी त्यांचा हार करून दिरांच्या ट्रॅक्टरला घातला.

भुकटी देताना मी बाईंना मात्रा सांगितली होती, वेळ सांगितली होती. आत जीव आहेत, मारणारं काही मिसळू नका, एवढंच सांगायचं राहिलं होतं. रिपोर्टात लिहिलं: औषध पास, सल्लागार फेल. साहेबांनी वाचलं आणि सही केली.