खड्डेमामांचं खोटं

प्राणिसंग्रहालयात त्यांना सगळे खड्डेमामा म्हणायचे. हजेरीपटावर वेगळं नाव होतं, पण ते हाक मारायच्या कामी कधी आलं नाही. सर्पालयात एकतीस वर्षं काढलेल्या या माणसाच्या नखांत कायम माती असायची, कारण मामा सदानकदा कोणाच्या तरी बाळंतपणाची, म्हणजे अंडी घालायच्या खड्ड्याची, तयारी करत असायचे.

अजगराची मादी जड झाली की तिच्यासाठी झाकणाची मोठी पेटी. पेटीला एकच भोक, तेही तिचं अंग जेमतेम आत सरकेल एवढं, आणि आत घट्ट पिळलेलं ओलसर शेवाळ. पालींना बरणीएवढा डबा पुरायचा. सरड्याची मादी भारी लाजरी. तिला खोल बादलीभर माती लागायची, आणि वर काचेला फडका. एखादा पाहुणा फडक्याच्या फटीतून डोकावला, की मामा खेकसायचे, "बाळंतिणीच्या खोलीत असं टक लावून बघता का हो घरी?"

मातीची परीक्षा ते मुठीने करत. मूठ दाबली की गोळा झाला पाहिजे आणि बोटांमधून थेंब गळता कामा नये. नव्या माणसांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "जागा मनासारखी नसली ना, तर ही जनावरं अंडी घालतच नाहीत. पोटात धरून ठेवतात. आज घालू, उद्या घालू करत धरतात आणि शेवटी त्यातच जातात."

या सगळ्यांत त्यांचा जीव होता तो एका घोरपडीवर. कोणीतरी पोत्यात घालून फाटकाशी सोडून गेलेलं ते वीतभर पिल्लू मामांच्या हाताखाली दीड हात लांब झालं होतं. मामा दार उघडायचे तेव्हा ती मान उंच करून जीभ लपलपवायची आणि त्यांच्या बुटावर पुढचा पाय ठेवून उभी राहायची. घरी मामांच्या तोंडी तिचंच नाव. मामींनी म्हणूनच तिला सवत करून टाकलं होतं. मामा कामावरून आले, की चहाचा कप पुढे करत मामी विचारायच्या, "काय म्हणतेय माझी सवत? जेवली का?" सुटीच्या दिवशी त्या स्वतः जाऊन काचेसमोर उभ्या राहायच्या. म्हणायच्या, "कातडी बघा हिची! आणि म्हणे माझ्यापेक्षा देखणी." मामा हसत, पण नाही मात्र म्हणत नसत.

मग नवीन सर्पालय बांधलं गेलं. काचा लख्ख, दिवे झकास, आणि तळाला सिमेंट. घोरपडीच्या खोलीत सिमेंटवर चार बोटं वाळू पसरलेली. मामा साहेबांकडे गेले. "साहेब, ही मादी आहे. यंदा पोटुशी आहे. तिला हातभर खोल माती हवी."

साहेब वाईट नव्हते. "पुढच्या महिन्यात हौद बांधून देतो, मामा," म्हणाले.

मामांनी पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही असं ठरवलं. जुन्या आवारातली तिच्या ओळखीची माती पिंपात भरून सोमवारी न्यायची, असा त्यांचा बेत होता. आणि रविवारी सकाळी भाजी चिरता चिरता मामी छाती धरून खाली बसल्या.

पुढचे तीन आठवडे इस्पितळात गेले. मामींच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. आत सोडायचे ते सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. उरलेला सगळा दिवस मामा बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या बंद दाराकडे बघत राहायचे.

सर्पालयात त्यांच्या जागी पक्षी विभागातल्या ताईंना पाठवलं होतं. बाई कामसू आणि मायाळू, पण आयुष्य गेलं घरट्यांत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मामा, ती सगळीकडे उकरतेय हो. काचेवर नखं मारतेय. खात नाहीये काही."

मामांनी बाकावर बसूनच सगळं समजावलं. पिंप आडवं नको, उभं ठेवा. माती जुन्या आवारातली घ्या. मुठीत गोळा झाला पाहिजे. वर दिवा, तोंड अर्धं झाका. ताईंनी पळापळ करून तसं केलं. पण जुन्या आवाराला तोवर कुलूप लागलं होतं, म्हणून माती बागेतली आणली. ती भुसभुशीत. घोरपड आत शिरून उकरायची, बोगदा कोसळायचा, ती मागे सरायची. पुन्हा उकरायची.

"मामा, अर्धा तास येऊन जाता का?" पाचव्या दिवशी ताईंनी विचारलं. "नुसतं बघून सांगा. माझ्या हाताला ते जमत नाहीये."

प्राणिसंग्रहालय बसने वीस मिनिटांवर होतं. सकाळची भेट आणि संध्याकाळची भेट यांच्या मधे अख्खी दुपार मोकळी होती. मामा उठले, जिन्यापर्यंत गेले, कठड्याला धरून उभे राहिले आणि परत येऊन बाकावर बसले. आपण इथून हललो तर आतलं माणूस जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती. "ती झाली की येतो," असं त्यांनी ताईंना सांगितलं.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. डॉक्टरांनी बाहेर येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा मामांना रडूच फुटलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला आणि त्या काही बोलायच्या आधीच मामांना कळलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी पोट उघडून अंडी काढायचा प्रयत्न केला होता, पण तिच्यात जीवच उरला नव्हता.

"अकरा निघाली," ताई हुंदके देत म्हणाल्या. "मामा, मला माफ करा."

"तुमचं काही चुकलं नाही, ताई. अंडी उलटी करू नका. जशी निघाली तशीच ठेवा, वर पेन्सिलने खूण करा आणि उबेच्या पेटीत घाला." मामांचा आवाज अगदी स्थिर होता.

त्या संध्याकाळी मामींनी पहिल्यांदा नीट डोळे उघडले. ओठ सुकलेले, आवाज नाही. तरी पुटपुटल्या, "सवत कशी आहे?"

"मजेत आहे," मामा म्हणाले. "अंडी घातली तिने. अकरा."

मामी हसल्या. आजारपणातलं ते पहिलं हसू. आता ते परत कसं घ्यायचं?

मामा कामावर रुजू झाले आणि उबेच्या पेटीपाशी त्यांचा मुक्काम पडला. पिल्लं निघाली तर आपलं निम्मं बोलणं तरी खरं ठरेल, एवढीच आशा. रोज ते एकेका अंड्यामागे छोटी बॅटरी धरून लाल शिरा दिसतात का ते बघत. दुसऱ्या महिन्यात चार अंडी चपटी झाली. तिसऱ्यात आणखी तीन अंड्यांवर बुरशी चढली. ती उचलून टाकताना मामा आधी हात धुवायचे, का कोण जाणे. घरी मामी विचारायच्या, "किती दिवस राहिले?" आणि मामा सांगायचे, "वेळ आहे अजून." मामींची तब्येत सुधारत होती. त्या अंगणात चालायला लागल्या होत्या. पिल्लांना बघायला जायचं म्हणून एक निळी साडी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती.

पुढे आणखी तीन गेली आणि सातव्या महिन्यात शेवटचं एक अंडं राहिलं. त्यात शिरा होत्या. मामांनी स्वतः पाहिल्या होत्या. एका सकाळी पेटी उघडली तर ते खचलेलं होतं. मामांनी ते कापलं. आत बोटाएवढं पिल्लू, पूर्ण घडलेलं, नखंसुद्धा होती.

ते दुपारीच घरी आले. मामी शेंगांची टरफलं काढत बसल्या होत्या. मामांनी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं, ती कधी गेली, कशी गेली, आणि तो मोकळ्या दुपारचा अर्धा तास.

मामींनी ताट बाजूला ठेवलं. त्या म्हणाल्या, "सात महिने तुम्ही माझ्यासमोर खोटं हसत होता?"

"तुला धक्का बसू द्यायचा नव्हता."

"आणि तुम्ही? तुम्ही कोणापाशी रडलात?"

बायको वाचलेल्या माणसाने घोरपडीसाठी रडायचं कोणासमोर? ज्याला सांगावं तो म्हणाला असता, देवाचे आभार माना.

दोन दिवस मामी जेवायला वाढायच्या, औषधं स्वतःची स्वतः घ्यायच्या, खिडकीपाशी बसून राहायच्या. मामा कामावर जात होते, येत होते. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मामींनी विचारलं, "खरं सांगा. फार हाल झाले का तिचे?"

नाही म्हणणं मामांच्या जिभेवर आलं होतं.

"झाले," ते म्हणाले. "आठ दिवस उकरत होती. पुढच्या पायांची नखं तुटली होती."

मामींनी डोळ्याला पदर लावला. "माझ्यापायी गेली बिचारी."

"तुझ्यापायी नाही. मी घाबरलो होतो, म्हणून गेली."

आणि मग मामा खाली बसले, तिथेच, मामींच्या पायाशी, आणि लहान पोरासारखे रडले. मामींनी त्यांना उगी केलं नाही. छातीवरची शिवण अजून दुखत होती, तरी त्या हळूच वाकल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून स्वतःही रडत राहिल्या.